हुकमाचा एक्का आणि बाकीची पानं

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांचं पत्त्यांवाचून पान हलत नाही. अमक्याचा 'पत्ता कट', तमक्याने अजून 'पत्ते उघड केलेले नाहीत', तिसरा कोणी पक्षाचा 'हुकमाचा एक्का', आणि निकालाच्या दिवशी कुणाची तरी आघाडी 'पत्त्यांच्या बंगल्यासारखी' कोसळते. मग मंत्रिमंडळाचे पत्ते पिसले जातात. हे लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी शेवटचं मेंढीकोट कधी खेळलं होतं हा प्रश्न विचारायचा नाही. खेळ घरातून गेला, शब्द मात्र ओसरीवर बसून आहेत.

परवा भाचीला सहज विचारलं, "पत्ता कट म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "ॲड्रेस डिलीट केला." आता ह्याला चूक तरी कसं म्हणणार! हिंदीत राहण्याचा तो 'पता' आणि खेळायचा तो 'पत्ता', असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण मराठीत दोघांनाही 'पत्ता' म्हणून टाकलंय. त्यामुळे तिकीट नाकारलेल्या आमदाराचा पत्ता कट झाला म्हणजे विधानभवनातला मुक्काम उठला, हा अर्थ अगदी चपखल बसतो. पण पानांचा खेळ खेळलेल्या माणसाला त्यात दुसरंच चित्र दिसतं. तुम्ही मोठ्या विश्वासाने बदामचा राजा टाकलाय, एक्का आधीच येऊन गेलाय, हात आपलाच म्हणून तुम्ही पानं ओढायला पुढे सरकताय, आणि चौथा गडी शांतपणे हुकमाची तिर्री टाकून तो कापतो. राजा गेला. तिर्रीने गेला! पत्ता कट होण्यातला अपमान हा आहे. नुसतं बाद होणं नव्हे, एरवी ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं त्याच्याकडून बाद होणं.

ह्या सगळ्या वाक्प्रचारांचा राजा (की एक्का?) म्हणजे हुकूम. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचा वापर त्याचाच होतो.

ज्यांनी मेंढीकोट खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघं, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या जास्तीत जास्त पकडायच्या. चारही पकडल्या की मेंढीकोट. ह्यात डाव सुरू होताना हुकूम ठरलेलाच नसतो. एका पद्धतीत उतारीचं पान ज्याच्याकडे नाही तो पहिला गडी जे पान टाकेल तो त्या डावाचा हुकूम. दुसऱ्या पद्धतीत एकजण एक पान पालथं घालून ठेवतो, तो 'बंद हुकूम', आणि कुणाची तरी अडचण झाली की तो उघडायचा. पाच-तीन-दोनमध्ये तर पहिली पाच पानं बघूनच हुकूम बोलायचा असतो, पुढची पाच काय येतील ते नशीब. म्हणजे कुठल्याही खेळात घ्या, हुकूम त्या डावापुरता. ह्या डावात किलवर हुकूम असेल तर किलवरचा एक्का सम्राट. पुढच्या डावात हुकूम चौकट झाला की तोच किलवरचा एक्का चौकटच्या दुर्रीपुढे मान खाली घालतो. पानात काही बदललेलं नसतं. तेच पान, तोच रंग, तीच ऐट. बदललेला असतो फक्त हुकूम, आणि तो कधीकधी तुमच्या हातात नव्हतं त्या पानामुळे ठरलेला असतो.

म्हणून वर्तमानपत्रं एखाद्या नेत्याला वीस-वीस वर्षं 'पक्षाचा हुकमाचा एक्का' म्हणत राहतात तेव्हा मला गंमत वाटते. इतका काळ एकच हुकूम टिकला असेल तर त्या घरात पत्ते पिसलेच गेलेले नाहीत. हल्ली 'हुकमी एक्का' असंही सर्रास लिहितात. हुकमी म्हणजे खात्रीचा, हमखास. हुकमी उपाय, हुकमी गिऱ्हाईक. शब्द जवळचे खरे, पण 'हुकमाचा'मधला तो 'ह्या डावापुरता' हा अर्थ 'हुकमी'त पुरता पुसला गेला.

बरं, ह्याला आपण हुकूमच का म्हणतो? युरोपात ह्या वरचढ पानांची कल्पना पंधराव्या शतकात इटलीत रुजली. त्यांनी त्या पानांना नाव दिलं 'त्रिओन्फी', म्हणजे विजय, विजययात्रा. त्यावरून इंग्रजांचं 'ट्रम्प' आणि डचांचं 'ट्रूफ'. डचांचा शब्द जहाजातून उतरून आपल्याकडे आला आणि 'तुरुप' झाला, म्हणून हिंदीत 'तुरुप का इक्का'. बंगालीत तर डचांनी जवळजवळ सगळा जोडच ठेवून दिलाय. बदामला ते हरतन म्हणतात (डच हार्टेन), चौकटला रुइतन (डच राउटेन), इस्पिकला इस्कापन (डच स्कोपेन). हुगळीकाठी चुंचुड्याला डचांची मोठी वसाहत होती, तिथल्या रिकामटेकड्या संध्याकाळींची ही कमाई.

आपल्याकडे वेंगुर्ल्याला डचांची वखार होतीच, सतराव्या शतकापासून. तिची पडकी भिंत आजही उभी आहे. आणि डचांच्या भाषेत किलवरच्या पानाला 'क्लावर' म्हणतात. ते नुसतं मोठ्याने म्हणून पाहा. पण चार रंगांपैकी दोन आपण कानाने घेतले आणि दोन डोळ्यांनी. इस्पिक आणि किलवर ही ऐकलेली नावं आहेत, त्यांना मराठीत दुसरा अर्थच नाही. बदाम आणि चौकट ही पाहून ठेवलेली नावं. कुणीतरी त्या लाल आकृतीकडे बघितलं आणि हृदय-बिदय न दिसता त्याला बदाम दिसला! ज्याने कुणी हे नाव ठेवलं तो नक्कीच खाऊन-पिऊन सुखी असणार. चौकटही तशीच. हिंदीवाल्यांना तिथे वीट दिसली, आपल्याला दाराची चौकट.

हे सगळं उसनं घेतलं, पण विजयाचा शब्द नाही घेतला. तिथे आपण 'हुकूम' म्हणालो. अरबी शब्द, फारसीतून आलेला, दरबारातला. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण पत्त्यांच्या डावात कुणी 'आज्ञेचा एक्का' म्हणाल्याचं ऐकिवात नाही. :-)

दरबारी शब्द पत्त्यांत येणं साहजिकच होतं, कारण आपल्याकडे आधी जे पत्ते होते ते दरबाराचंच चित्र होतं. गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या गंजिफ्याचं तर अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत सविस्तर वर्णन केलंय, बारा रंग आणि १४४ पानं. नंतर रुळलेल्या मोगल गंजिफ्यात आठ रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, अशी ९६ पानं. त्या रंगांची नावं वाचली तर पत्ते आहेत की सरकारी खात्यांची यादी असा प्रश्न पडतो. ताज, शमशेर, गुलाम, चंग नावाचं वाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याची नाणी, सफेद म्हणजे चांदीची, किमाश म्हणजे माल, आणि बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश. ही 'बरात' पेशवे दफ्तर चाळणाऱ्यांना 'वरात' म्हणून भेटते, खजिन्यावरची हुंडी. (लग्नातली वरात वेगळी, तिथे पैसे द्यावे लागतात, मिळत नाहीत.)

आपल्याकडे गंजिफा दशावतारी झाला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणून १२०. सावंतवाडीचे चितारी ती गोल पानं हाताने रंगवतात. विसाव्या शतकात ही कला विझत आली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चितारी बसवून पुन्हा पेटवली. दिवसा खेळायचं तर रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची, रात्री खेळायचं तर कृष्णाचा, अशी त्याची रीत. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या अर्ध्यांत बरोबर उलटं, एक मोठा आणि दहा सगळ्यात खाली. मी एकदा नियम वाचून खेळायला बसले तेव्हा दहाव्या मिनिटाला डोकं धरलं होतं.

पण ह्या उलटसुलट नियमांत एक गोष्ट पक्की. गंजिफ्यात राजाच्या वर कुणी नाही. कुठल्याही रंगात घ्या, राजा पहिला, वजीर दुसरा, मग बाकीची जनता. एका रंगाने दुसऱ्याला कापायचंही नाही, तिर्रीने राजा मारण्याची सोयच नाही. म्हणजे 'हुकमाचा एक्का' हा शब्दप्रयोग गंजिफ्यातून आलेला असूच शकत नाही. त्यातला 'हुकूम' दरबारातला आहे, पण राजाच्या डोक्यावर बसलेला 'एक्का' जहाजातून आलाय. दोन शब्दांचा वाक्प्रचार, एक पाय दिल्लीत आणि दुसरा बंदरात!

ह्या एक्क्याची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कुठलाही जोड काढून बघा. बाकीचे तीन एक्के साधे असतात, आणि इस्पिकचा एक्का मात्र वेलबुट्टीने नटलेला, कंपनीचं नाव मिरवणारा. ह्याचं कारण कर. इंग्लंडात पत्त्यांवर सरकारी कर होता, आणि तो भरल्याचा पुरावा म्हणून १७६५ पासून इस्पिकचा एक्का छापखानेवाल्याने छापायचाच नाही, सरकारी स्टॅम्प ऑफिसने छापून द्यायचा अशी व्यवस्था झाली. खोटा एक्का छापणं म्हणजे सरकारी शिक्का बनावट करणं. १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला एवढ्यासाठी फाशी दिलं. तो कर १९६० साली गेला, पण नक्षी राहिली. म्हणजे इस्पिकचा एक्का काही काळ अक्षरशः सरकारी हुकमाचा एक्का होता. आपल्याकडच्या जोडांवर ती नक्षी तशीच उतरली, फाशीची आठवण वगळून.

आणि राणी? राणीवरून आपल्याकडे एकही वाक्प्रचार नाही हे कधी लक्षात आलंय का? एक्का आहे, राजा आहे, गुलामचोर नावाचा अख्खा खेळ आहे, दुर्री-तिर्री म्हणून माणसांना हिणवता येतं. राणी नाही. कारण ती उशिरा आली. ज्या इजिप्तमधल्या ममलुकांकडून चौदाव्या शतकात पत्ते युरोपात गेले, त्यांच्या जोडात राजाखाली नायब होता. (आपल्या नायब तहसीलदारातला नायब तो हाच. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना 'नायपेस' म्हणतात तेही ह्याच नायबावरून असं मानतात.) गंजिफ्यात राजाखाली वजीर. युरोपात गेल्यावर तिथे बायको येऊन बसली. बुद्धिबळातही अगदी हेच झालं, आपला वजीर तिकडे राणी झाला. पण गंमत बघा, बुद्धिबळात आपण अजूनही वजीरच म्हणतो. पत्त्यांत मात्र निमूटपणे राणी म्हणालो. बुद्धिबळाच्या सोंगटीला चेहरा नसतो, तिला हवं ते म्हणता येतं. पत्त्यावर बाईचं चित्रच छापलेलं, तिला वजीर कसं म्हणणार?

आता थोडं घरचं. 'पत्ते कुटणे' हा वाक्प्रचार वडीलधाऱ्यांनी तयार केला असणार ह्यात मला शंका नाही. खेळणारा कधी 'मी पत्ते कुटतोय' म्हणत नाही. कुटायचे ते पोहे नाहीतर तिखट. कामाचं क्रियापद रिकामपणाला जोडून दिलंय, म्हणजे टोमणा आपोआप तयार. आमच्या आजीकडे ह्याबाबत स्पष्ट कायदा होता. सुट्टीत दुपारी खेळा, कोजागरीला रात्रभर खेळा, ती स्वतः पाच-तीन-दोनमध्ये भल्याभल्यांचे हात ओढून घ्यायची. पण चिंचोके सोडून काही लावायचं नाही. कुणी चेष्टेत चार आणे मध्ये ठेवले तरी ती पानं गोळा करून उठायची.

त्याचं कारण आम्हाला बरंच मोठं झाल्यावर कळलं. आजोबांचे एक चुलतभाऊ (नाव लिहीत नाही, घरच्यांना माहीतच आहे) तीन पत्तीत एका रात्रीत भाताचं खाचर हरले होते. नदीकाठचं, घरातलं सगळ्यात चांगलं. सकाळी बायकोला सांगायचं धाडस झालं नाही, तेव्हा पेरणीच्या दिवशी ती माउली बी घेऊन बांधावर गेली आणि तिथे दुसऱ्याचं नांगर चाललेलं तिने पाहिलं. तिला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. ती तशीच परत आली आणि बी कणगीत ओतून ठेवलं, एवढंच आजी सांगायची, पुढचं सांगत नसे. तेव्हापासून आमच्या घरात 'खाचर लावणे' असा एक वाक्प्रचार आहे. कुणी कर्ज काढून गाडी घ्यायला निघालं, कुणी शेअर बाजारात उड्या मारायला लागलं की आत्या अजून विचारते, "खाचर लावतोस का रे?" हा कुठल्याही शब्दकोशात नाही, आणि आम्ही दहा-बारा माणसं सोडली तर कुणाला कळणार नाही.

तेव्हा पत्त्यांतून येणाऱ्या शब्दांचे मला दोन गट दिसतात. हुकूम, उतारी, भिडू, कोट, कापणं हे हात करायच्या खेळांतले, जिथे समोर आपला माणूस बसलेला असतो. आणि पत्ते उघड करणं, ब्लफ, शो, ब्लाइंड हे पैसे लावायच्या खेळांतले, जिथे प्रत्येकजण एकटा. हल्ली बातम्यांत दुसऱ्या गटाची चलती आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर एका मंत्र्यांचा सभागृहातला मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीला पत्ते पिसले गेले आणि त्यांचं कृषी खातं जाऊन त्यांच्याकडे आलं क्रीडा खातं! पुढच्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. आजीला बरं वाटलं असतं.

जाता जाता, पत्त्यांच्या नावावर खपणाऱ्या एकाची सुटका करायला हवी. बावनकशी सोन्याचा बावन्न पानांशी काडीचा संबंध नाही, तो कसोटीच्या दगडावरचा कस. 'डाव' तर सगळ्यांचाच, कुस्तीचा, सोंगट्यांचा आणि आमटी वाढायचाही.

उलट झब्बू मात्र शंभर टक्के पत्त्यांचा. हातात उतारीचा रंग नसला की दुसऱ्याच्या गळ्यात पानांचा ढीग बांधणं म्हणजे झब्बू देणं. नको असलेलं काम ऑफिसात कुणीतरी आपल्या टेबलावर सरकवतं तेव्हा ह्याहून नेमका शब्द नाही. मराठी संकेतस्थळांवर तर एकाच्या फोटोला दुसऱ्याने फोटोने उत्तर देणं म्हणजे झब्बू, तिथे त्यातला त्रास जाऊन नुसती हौस उरली.

आणि भिडू. मेंढीकोटात समोर बसणारा, ज्याला डोळ्याने खुणा करायच्या नाहीत असा नियम आणि ज्याच्या भुवयांवरून सगळं कळतं असा माणूस. तो मराठी घरातून मुंबईच्या रस्त्यावर गेला, तिथून हिंदी सिनेमात. २०२४ साली जॅकी श्रॉफ दिल्ली उच्च न्यायालयात गेले, की आपलं नाव आणि आवाज परवानगीशिवाय कुणी वापरू नये, आणि त्या यादीत 'भिडू' हा शब्दही होता. आमच्या आत्याला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असू दे. पण उतारी कुणाची ते त्याला विचार आधी."